वालाच्या वाफ्यात मायक्रोवेव्ह

२ फेब्रुवारी, सकाळी ७
वालाच्या शेंगांत अळी! नम्रताच्या होणाऱ्या सासरची मंडळी रविवारी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, खायला येणार. साखरपुड्यात मीच व्याह्यांना सांगून बसलोय, आमच्या शेंगांना औषधाचा थेंब लागत नाही. मायक्रोवेव्हच्या लहरींनी अळी मरते, असा व्हिडिओ पाहिला. रसायनीच्या कारखान्यात बावीस वर्षं मेन्टेनन्स केलंय. ठरलं.

३ फेब्रुवारी
घरातल्या मायक्रोवेव्हचं दार काढलं. हातमोज्यांचे दोन जोड घातले होते. थंडी फार आहे.
विनिता म्हणाली, "अवो, सोताला भाजून घ्याल." बायकांना विज्ञानाची धास्ती असते.

४ फेब्रुवारी
पहिला प्रयोग. यंत्र वाफ्यात ठेवायचं, मी शिट्टी मारायची, विनिताने पडवीतलं बटण दाबायचं. माझी जागा विहिरीमागे. निरीक्षण लांबूनच नीट होतं. डोळे मिटले होते, म्हणून विशेष काही दिसलं नाही.

६ फेब्रुवारी
अळी निम्मी! पण दोन्ही हात गरम लागतायत. तोंडाला तांब्याची चव. विम्याचे कागद कुठे आहेत, ते नम्रताला सहज सांगून ठेवलं.

७ फेब्रुवारी
हेल्मेट घालून झोपलो. सवय राहावी म्हणून.
ठाकूरवाडीची ठकी मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला घेऊन आली. मला बघून म्हणाली, "दादा, घरात पन टोपी?" सध्या ती आणि विनिता पहाटेपासून वाफ्यात डबा घेऊन असतात. मेलेल्या अळ्या गोळा करत असतील. कौतुक वाटलं.

८ फेब्रुवारी
शेंगेत अळी नाही. मी मात्र फार दिवस नाही. लग्न होईपर्यंत तरी टिकावं.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
मडकं जाळात घातलं आणि वाफ्यातलं यंत्र बघून व्याही म्हणाले, चालू करून दाखवा. व्होल्टेज कमी आहे म्हटलं. ते स्वतःच बटणाकडे निघाले. मी ओरडलो आणि त्यांचे पाय धरले. मुलीच्या बापाने धरावेत तसे नाही. घट्ट, दोन्ही हातांनी.
विनिता म्हणाली, "सोडा त्यांना. काय व्हनार नाय. बटन मी एकदापन दाबलं नाय. अळ्या मी नि ठकीनं हातानं येचल्या."
सगळे हसले. नम्रता हसता हसता माझ्याजवळ येऊन बसली. मला रडू आलं. धुराने नव्हे, जगणार म्हणून.
शेंगा गोड निघाल्या. व्याह्यांनी तीनदा मागून घेतल्या.
म्हणजे आठवडाभर यंत्रात वीजच नव्हती.
हात अजून गरम लागतायत.