सात घरांचं तेल

१२ सप्टेंबर
स्वेन्याचा फोन. नाताळला येते म्हणाली, नवरा आणि बाळ घेऊन. बाळ म्हणजे माझी नात, मेर्ले. आत्ता महिन्याची आहे. अजून हातात घेतलेली नाही. हॅम्बुर्ग लांब, आणि मी गेलो तर बॉयलरकडे बघणार कोण? मुलीची एकच अट: घर एकवीस अंशांवर हवं, नाहीतर येणार नाही. गेल्या नाताळला आमच्याकडे ती कोट घालून जेवली, हे तीनदा सांगून झालं. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या बापाने चौतीस वर्षं शाळेत उष्णता शिकवली आहे. ती म्हणाली, शिकवली असेल बाबा, पण घरात कधी आली नाही.
आईवर गेली आहे.
संकल्प: डिसेंबर उजाडायच्या आत घर एकवीसवर. घर तापवणारा बॉयलर १९९१ चा. मी निवृत्त झालो, तो झाला नाही.

१५ सप्टेंबर, सकाळ
बॉयलरमध्ये जाळायच्या तेलाच्या यादीचा दिवस. एकोणीस वर्षं दर सप्टेंबरला मी वही घेऊन गल्लीतल्या बाकी सहाही घरी जातो. कोणाला किती लिटर, ते लिहून घेतो. माझ्यासकट सात घरांची मिळून एक ऑर्डर, एक टँकर, भाव उतरतो. टँकरवाला सही माझी घेतो. मी नसतो तर ही गल्ली कधीच गारठून गेली असती.

संध्याकाळ
यादीत एक नाव. माझं.
समोरचा क्यूब्लर म्हणाला, सर, यंदा राहू द्या. बाकीचे पाचही तेच. कारण कळलं. गावाबाहेरचा शेतकरी शुर गाईंच्या शेणाच्या गॅसवर पाणी तापवणार आणि नळाने घरोघर पाठवणार. घरात बॉयलर नको, टाकी नको, तेल नको. वसंतात त्याचं पत्र आलं होतं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुकांवर मी लाल रेघा मारल्या आणि ते रद्दीत टाकलं. शुर माझा विद्यार्थी. क्यूब्लरही. क्यूब्लरला फिजिक्समध्ये पाच, म्हणजे नापास. दया आली म्हणून पाच, नाहीतर सहाच होते, सगळ्यांत वाईट. आणि आता हे लोक मला उष्णता समजावणार.
निर्णय: एकट्याने तेल मागवायचं नाही. नोव्हेंबरात दारात रांग लागेल, सर, यादी काढा म्हणून. तेव्हा बघू. टाकीत मापकाठी घालून पाहिली. तळापासून वीतभर तेल. पुरेल.

१९ सप्टेंबर
धुराडं तपासायला त्सायर बाई आली. हीसुद्धा माझीच विद्यार्थिनी. बरी होती, वह्या स्वच्छ असायच्या. आता स्वतःच काजळीने काळी. नळीत यंत्र खुपसून धूर मोजला. म्हणाली, सर, काठावर आहे, पुढच्या वेळी पास व्हायचा नाही. मी म्हटलं, काठावर पास म्हणजे पास. ती म्हणाली, सर, हे तुम्ही आम्हाला कधी म्हणाला नाहीत.
मग न विचारता सल्ला: शुरचा नळ तुमच्या फाटकासमोरूनच जाणार आहे, घेऊन टाका. हिला यात काय मिळतं, शोधलं पाहिजे.

२६ सप्टेंबर
गल्लीत खणायला सुरुवात. कंबरभर खोल चर. सगळे बायकापोरांसकट बघायला उभे. मी खिडकीतून पाहिलं. पडद्याआडून, कारण मला रस नाही.

३ ऑक्टोबर
न्याय्य राहायचं म्हणून तटस्थ सल्ला घ्यायचं ठरवलं. ग्राहक सल्ला केंद्राचा माणूस आला. तिशीचा, दाढी, सायकल. तासभर घर पाहिलं. बॉयलरला हात लावला आणि, मी स्वतः पाहिलं, हसला. म्हणाला, आधी खिडक्या बदला, मग छताला आतून ऊब धरणारी लोकर भरा, आणि नळाची सोय असेल तर तो डोळे मिटून घ्या. डोळे मिटून! विज्ञानाचा पदवीधर म्हणे. जाताना माझ्या बायकोच्या, रोझविताच्या, खांद्यावरच्या शालीकडे बघून तिलाच विचारलं, तुम्हाला थंडी वाजते का? ती म्हणाली, मला कोणी विचारत नाही हो.
संध्याकाळी इंटरनेटवर घरमालकांच्या एका गटात प्रश्न टाकला: १९९१ चा उत्तम बॉयलर अजून किती वर्षं चालेल?

५ ऑक्टोबर
अकरा उत्तरं. अकराही चूक. प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर दिलं.

६ ऑक्टोबर
गटातून मला काढून टाकलं. सत्य पचत नाही लोकांना.

१० ऑक्टोबर
क्यूब्लर दारात. टोपी हातात. म्हणाला, सर, खणायचं मशीन आजचा दिवसच आहे. तुमच्या घरापर्यंत फाटा टाकून ठेवू का? नळ घ्या, नका घेऊ, मर्जी तुमची. पण सोमवारी डांबर पडलं की मग रस्ता फोडायला परवानगी, वाट बघणं, सगळी भानगड.
मी त्याला नळातून जाताना पाण्याची उष्णता कशी वाया जाते, ते पायरीवरच समजावून सांगितलं. पंचवीस मिनिटं. कागदावर आकृती काढून दिली. त्याने आकृतीची घडी करून खिशात ठेवली. म्हणाला, बरं सर.
पटलं त्याला.
रोझविता स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी आत गेलो तेव्हा ती बटाटे सोलत होती, सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता. सत्तेचाळीस वर्षांत तिने बटाटा असा वाया घालवलेला मी पाहिलेला नाही.

१३ ऑक्टोबर
डांबर पडलं. गुळगुळीत. शेणाचा विजय असो.

२८ ऑक्टोबर
बॉयलर सुरू करताना खोकतो. मेकॅनिक श्टीर्लेला बोलावलं. त्याने झाकण काढलं आणि परत लावलं. म्हणाला, याचे भाग आता मिळत नाहीत. हवेतून उष्णता घेणारा पंप बसवू, पण नंबर एप्रिलचा. मी विचारलं, तोवर? तो म्हणाला, टाकी भरून घ्या, तळाशी गाळ असतो, तेल खाली गेलं की बर्नर गाळ ओढतो. आणि स्वतः काही उघडू नका.
मी उघडलं तर धंदा जातो यांचा. मला कळत नाही का?

९ नोव्हेंबर
स्वतः उघडला. नाचता येईना अंगण वाकडं, असं या मेकॅनिकांचं आहे. साधं काम. ब्रशने काजळी काढली. थोडी उडाली. तळघरात रोझविताने पांढरे कपडे वाळत घातले होते, तो माझा दोष नाही. नाताळचा टेबलक्लॉथ होता त्यात.
मग खोल्या तापवणाऱ्या सगळ्या रेडिएटरांमधली अडकलेली हवा सोडली. पाहुण्यांच्या खोलीतला स्क्रू हातात आला. पाणी थोडं गालिच्यावर. म्हणजे गालिचाभर.

११ नोव्हेंबर, दुपारी ३
बॉयलर चालू! दिवाणखाना १९.५. रोझविताला म्हटलं, ये, हात लाव रेडिएटरला. तिने लावला. मान्य केलं की कोमट आहे.
एक शब्द बरोबर वापरायची सवय नाही हिला. गरम होता.

१८ नोव्हेंबर
यादीसाठी अजून कोणी आलं नाही. संकोच वाटत असेल. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते उगीच नाही. तरी वही दाराजवळच ठेवली आहे.
क्यूब्लरच्या घरात काल उशिरापर्यंत खिडक्या उघड्या. उकडतंय म्हणे. नाटकं.

२४ नोव्हेंबर
बॉयलर बंद. मापकाठी कोरडी नाही, पण टोकाला काळा चिखल. श्टीर्लेने फोनवर विचारलं, गाळ ओढला ना? मी विषय बदलला. तो जानेवारीत येईल. नंबर आहे म्हणे. टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, एका घरासाठी त्या बाजूला गाडी तीन आठवड्यांनी येईल. मग म्हणाला, माउटे साहेब, दरवर्षी तर तुमची सात घरं असायची ना? मी म्हटलं, लोक आजारी आहेत.

३ डिसेंबर
घरात १४. प्रकृतीला उत्तम. जास्त उबेने माणूस आळशी होतो, समोर पुरावा आहे. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडतो. हवा बदललीच पाहिजे, नियम तो नियम. रोझविता म्हणाली, बाहेरची हवा आत येते म्हणतोस, मला तर वाटतं आतली थंडी बाहेर जाते.
ती हल्ली रोज दुपारी क्यूब्लरच्या बायकोकडे, गेरलिंडेकडे, कॉफीला जाते. तीन तास कॉफी. परत येते तेव्हा गाल लाल.
गुडघे दुखायचे थांबले म्हणाली. योगायोग.

१२ डिसेंबर
स्वेन्याचा फोन. घर कसं आहे? उत्तम, म्हटलं. फोटो पाठवा म्हणाली. मुलीचा बापावर विश्वास नाही. पंख्याच्या हीटरसमोर थर्मामीटर धरला, २१.५ वर आला की फोटो काढला. हे खोटं नाही. तिथे तेवढं होतंच.
आतापर्यंतचे सगळे सल्ले लिहून एका फाइलमध्ये लावले. एकही उपयोगाचा नाही.

१६ डिसेंबर
टँकर आला. टाकी भरली. बर्नर तरीही मेलेला. भरल्या टाकीच्या घरात १३ अंश. टँकरवाला सही घेताना सातही फाटकांकडे बघत होता.
प्लॅन: फक्त पाहुण्यांची खोली तापवायची. तीन हीटर.

१७ डिसेंबर
तीन हीटर लावले की फ्यूज उडतो. दोन लावले तर १६. एक आणि केटल लावली तरी उडतो.

२० डिसेंबर
रोझविता म्हणाली, स्वेन्याला खरं सांग. मी म्हटलं, तीन दिवसांत खूप काही होऊ शकतं. ती म्हणाली, तुला नात बघायची आहे की जिंकायचं आहे? काहीतरीच प्रश्न. दोन्ही.

२३ डिसेंबर, संध्याकाळी ५
आले. मी दार उघडलं. मेर्ले टोपीत, लोकरीत, फक्त नाक आणि दोन डोळे. माझ्याकडे बघत होती. एवढी बघत होती. मी हात पुढे केले.
स्वेन्याने कोट काढला नाही. दिवाणखान्यात गेली, रेडिएटरवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, बाबा, तुम्ही फोटो पाठवला होता.
अकरा मिनिटं थांबली. मग कळलं की रोझविताने समोर गेरलिंडेकडे खोली आठवडाभर आधीच सांगून ठेवली होती. पाळणासुद्धा. सामान घेऊन सगळे रस्ता ओलांडून गेले. जावयाने बाळाचा बाथटब डोक्यावर धरला होता, पाऊस होता म्हणून. रोझविताही गेली. बाळाला पांघरूण घालून येते म्हणाली.

संध्याकाळी ७.३०
आली नाही.

२४ डिसेंबर
तत्त्व म्हणून दिवसभर घरीच राहिलो. पाव, चीज, ओव्हरकोट. समोर नाताळच्या झाडाचे दिवे लागलेले. चार वाजेपर्यंत तत्त्व टिकलं.
क्यूब्लरने दार उघडलं. टोमणा मारला असता तर तीन उत्तरं तयार होती. तो म्हणाला, या सर, बटाट्याचं सॅलड आत्ताच केलंय, बूट तिथे ठेवा. एवढंच. मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.
आत सगळे बिनस्वेटरचे. रोझविता अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. तो ब्लाउज मी डिसेंबरात कधी पाहिलेला नाही. चांगली दिसत होती. मी तसं म्हटलं नाही, म्हणायला हवं होतं.
मेर्ले जागी होती. मी म्हटलं, द्या इकडे. स्वेन्याने माझ्या बोटांना हात लावला आणि बाळ मागे घेतलं. बाबा, आधी हात गरम करा. ओरडली नाही. हळूच म्हणाली.
मी क्यूब्लरच्या रेडिएटरवर दोन्ही तळवे ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे सॉसेज वाढायचे आवाज. कोणीतरी हसलं, माझ्यावर नव्हतं. क्यूब्लर आला, रेडिएटरचं बटण एक घर वर केलं, आणि निघाला. त्याला विचारलं, फाटा आता टाकता येईल का? तो म्हणाला, मार्चमध्ये रस्ता फोडायला परवानगी मिळते का बघतो, सर.
हात गरम व्हायला दहा मिनिटं लागली. वळलो तेव्हा मेर्ले आजीच्या खांद्यावर झोपली होती. स्वेन्या म्हणाली, आता नको उठवायला, उद्या घ्या.
मी बरं म्हटलं, आणि पुन्हा भिंतीकडे वळून हात रेडिएटरवर ठेवले. मध्येच जागी झाली तर तयार असलेले बरे.