पोकळ एसएसडीबाबत साडूभाऊंस

गुरुवार, दुपार

आदरणीय साडूभाऊंस,

नमस्कार. आपली पाठ आता बरी असेल आणि ताईंनी नेमून दिलेले व्यायाम आपण निदान त्यांच्या देखत तरी करत असाल, असे धरून चालतो. इकडे आम्हा दोघांच्या प्रकृती उत्तम आहेत. बरे नाही ते फक्त कम्प्युटरला आणि आपल्यावरच्या माझ्या विश्वासाला. दोघांचे दुखणे एकच असल्यामुळे सविस्तर लिहितो. फोनच केला असता, पण फोनवर आपण मध्येच हसता आणि माझ्या मुद्द्यांचा क्रम बिघडतो.

प्रथम एक कोडे. ते आपल्याही नजरेस आले असेल, फक्त आपण ते सोडून दिले असेल (आपला स्वभावच सोडून देण्याचा आहे). कम्प्युटरची माहिती साठवणाऱ्या त्या एसएसडीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत पाचशे जीबी छापलेले असते. ती जोडली की कम्प्युटर मात्र चारशे पासष्ट दाखवतो. मधले पस्तीस गेले कुठे? माझा पहिला संशय दुकानदारावर गेला आणि मी चप्पल घालून दारापर्यंत पोहोचलोही होतो. परंतु इतकी वर्षे वर्गात पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने आरोपापूर्वी गुणाकार करावा, म्हणून परत फिरलो. मौज अशी आहे की जागा मोजताना बनवणारा हजाराचा गठ्ठा करतो, कम्प्युटर एक हजार चोवीसचा. एका पायरीला फरक चिमूटभर. पण जीबीपर्यंत जाताना हा गठ्ठा तीनदा बांधावा लागतो आणि चिमटीची मूठ होते. म्हणजे ते पस्तीस कोणी चोरलेले नाहीत, फक्त दोघांची मोजण्याची रीत निराळी आहे. इतके सुंदर उत्तर मिळाल्यावर माणसाचे समाधान व्हायला हवे. माझे झाले नाही, कारण उरलेल्या चारशे पासष्टांनीही आमच्याकडे काही काम केलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या मेहुणीचे, म्हणजे आमच्या सौ.चे, नकाशे काढण्याचे काम आपण जाणताच. आर्किटेक्ट बाई कच्चे आराखडे पाठवतात आणि सौ. घरच्या कम्प्युटरवर ते पक्के करते. सध्या एका ग्रंथालयाचे नकाशे चालू आहेत आणि ते शनिवारी द्यायचे आहेत. आमचा कम्प्युटर मात्र असा मंदावला आहे, की सौ. बटण दाबते, जाऊन कपड्यांच्या घड्या घालते, परत येऊन पाहते आणि मग टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घालते. गेल्या खेपेस काम उशिरा गेले. बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झाले. त्या शांतपणे एवढेच म्हणाल्या, "या वेळी वेळेत द्या. नाहीतर पुढचं मी दुसरीकडे देते, वाईट वाटून घेऊ नका." तेव्हापासून सौ. माझ्याशी अतिशय सौजन्याने बोलते आहे, आणि ते मला सहन होत नाही.

या परिस्थितीत आपण सुचवले, की जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. तत्त्वतः सूचना बिनचूक होती. (मी सौ.ला जेवताना ताटाच्या मदतीने समजावूनही दिले: जुन्या डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि एक दांडी तिच्यावर माहिती शोधत पळत असते. एसएसडीत फिरणारे, हलणारे असे काहीच नसते. सौ.ने ताट फिरवू नका, आमटी सांडेल, एवढेच म्हटले.) पण साडूभाऊ, आपण नुसते सुचवून थांबला नाहीत. आपण दुकान सांगितले, कंपनी सांगितली आणि वर "डोळे मिटून घ्या" असेही म्हणालात. जी वस्तू डोळे मिटून घ्यावी लागते, तिच्यात उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखे काय असावे, हा विचार मला तेव्हाच शिवला होता.

दुकानात मी सर्व पर्याय पद्धतशीर तपासले. दुकानदाराने आधी सर्वांत वेगवान म्हणून एक लांबट चपटी पट्टी दाखवली. मी विचारले, ही बसवायची खाच आमच्या जुन्या मशीनला आहे का? नव्हती. मग त्याने एक निनावी एसएसडी काढली, जिची जागा प्रचंड आणि किंमत चपलांच्या जोडाएवढी. तिला मी हातही लावला नाही. उरली ती मध्यम किमतीची, आपण सांगितलेली. आता स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक आत असतो आणि तो पाण्याच्या पेल्यावरून चटकन कळतो. एसएसडीतला माहितीचा प्रत्येक सूक्ष्म कप्पा म्हणजे एक पेला आणि त्यात पाणी किती आहे, यावरून आकडा ओळखायचा आहे असे समजा. पेल्यावर आठ खुणा असतील तर नजर सहज ओळखते. त्याच पेल्यावर सोळा खुणा केल्या तर माहिती जास्त मावते, पण ओळखायला वेळ लागतो आणि पेला जुना झाला की खुणांचा घोटाळाही लवकर होतो. अगदी स्वस्तातल्या एसएसडीत बहुधा सोळा खुणांचे पेले असतात. म्हणून मी दुकानदाराला सरळ विचारले, हिच्या आत आठ की सोळा? तो म्हणाला, "सर, मी आत कधी बघितलं नाही. तुमचे साडू पण घेऊन गेले, त्यांनी नाही विचारलं." आणि आपली चौकशी करून त्याने मला बसायला स्टूल दिले. ज्या दुकानात ओळखीवर स्टूल मिळते, तिथे ओळखीवर आणखी काय काय मिळत असेल, हे मी त्या स्टुलावर बसूनच मनाशी ताडले.

घरी आल्यावर मी कोणतीही घाई केली नाही. जुन्या डिस्कवरची सर्व माहिती नव्या एसएसडीवर जशीच्या तशी उतरवली. नव्या वस्तूवर एकदम विसंबणे मला मान्य नसल्यामुळे जुनी डिस्क खबरदारी म्हणून तिच्या जागी तशीच जोडलेली ठेवली आणि एसएसडी शेजारच्या मोकळ्या केबलला लावली. बटण दाबले. सौ. कौतुकाने उभी राहिली, मग बसली, मग कपडे घेऊन आली. तोच विलंब, तीच मंद रांगोळी पडद्यावर. केबल बदलून पाहिली. कम्प्युटर बंद करून पुन्हा पुन्हा चालू केला. काडीचा फरक नाही. सौ. म्हणाली, "भाऊजींचा तर म्हणे उडतोय."

तेव्हा मी ते केले, जे कोणताही शास्त्राचा माणूस करील. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि एसएसडी उघडली. साडूभाऊ, मन घट्ट करून वाचा. तळहाताएवढ्या त्या डब्यात काडेपेटीएवढी एक हिरवी पट्टी होती आणि बाकी सगळी हवा. हवा! आपण दोघांनी मिळून हवा विकत घेतली आहे. (पेले मोजायचा प्रयत्न केला, भिंगातूनही दिसले नाहीत.) मी तो उघडा डबा तसाच दुकानात नेला आणि तिथल्या गिऱ्हाइकांना दाखवून, त्यांना समजेल अशा भाषेत, या पोकळीचा अर्थ विशद केला. एका गृहस्थांनी हातातले खोके परत काउंटरवर ठेवले. दुकानदाराचे म्हणणे असे, की डब्याचे माप कम्प्युटरमधल्या जागेवरून ठरते, आतल्या पट्टीवरून नव्हे, आणि सगळ्यांचे डबे असेच असतात. गुन्हेगार नेहमी सगळ्यांकडे बोट दाखवतो, असे मी म्हटले. त्यावर त्याने स्क्रूवरचा फाटलेला कागदी शिक्का दाखवला, हमी संपल्याचे सांगितले आणि हात जोडून म्हणाला, "सर, तुम्ही दुसरं दुकान बघा. कायमचं." मी जाताना स्टूलही आत उचलून ठेवले गेले.

सबब, आपणांस स्पष्ट विचारतो: त्या दुकानदाराचा आणि आपला संबंध नेमका काय? आपल्याला यात काही सूट, वाटा किंवा निदान एखादा फुकट माऊस मिळाला आहे काय? रविवारी माझ्यासोबत येऊन आपण त्याला जाब विचारावा, नाहीतर ताईंच्या उपस्थितीत हा विषय निघेल. शनिवार तोंडावर आला आहे, सौ. या क्षणी पडद्यापुढे गालाला हात लावून बसली आहे आणि ग्रंथालयाचा जिनाही अजून उघडलेला नाही.

ताईंना नमस्कार. पाठीला शेक घेत जावा.

आपला,
खुलाशाच्या प्रतीक्षेत असलेला साडू

ता. क. (गुरुवार, संध्याकाळ) पाकीट बंद करण्यापूर्वी एक किरकोळ गोष्ट नोंदवतो. डबा बंद करून मी एसएसडी पुन्हा होती तिथे लावली होती. सौ. जिन्याची फाइल उघडेपर्यंत वाट पाहत असताना तिने कॅबिनेटला कान लावला आणि मला हाक मारली. "अहो, नव्यात काही फिरत नाही म्हणाला होतात ना? मग हे आत कोण कुरकुरतंय?" मी उत्तर देण्यापूर्वीच तिने कम्प्युटर बंद करून जुन्या डिस्कची केबल उपसली. मशीन इतके दिवस माझ्या खबरदारीवरूनच, म्हणजे जुन्या डिस्कवरूनच, चालू होत होते. एसएसडीला कोणी काम सांगितलेच नव्हते. केबल काढल्यावर बटण दाबून सौ. घड्यांसाठी कपडे आणायला वळली, तर परत वळायच्या आत पडदा तयार. माझ्या पत्रातील तत्त्वे यामुळे बदलत नाहीत. तरी रविवारी आपण येऊ नये.

ता. क. २ (शनिवार) पाकीट दोन दिवस माझ्याच पिशवीत राहिले. ग्रंथालयाचे नकाशे दुपारी, वेळेच्या आधी गेले. बाईंनी लगेच एका शाळेचे कामही दिले. आता सौ.ला तिच्या लॅपटॉपमध्येही तीच एसएसडी हवी आहे, तीच कंपनी, त्याच दुकानातली, दुसरी नको म्हणते. तेव्हा आपण सवडीने तिकडे जाऊन आपल्या नावावर एक घ्यावी. माझे नाव काढू नये. उघडी असल्यास घेऊ नये.

ता. क. ३ आपलाही कम्प्युटर "उडतो", असे आपण सर्वत्र सांगता. आपल्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे, तरी एक करून पाहावे. पंखा, टीव्ही बंद करा, ताईंना क्षणभर शांत राहायला सांगा, कॅबिनेटला कान लावा आणि सर्वांत मोठी फाइल उघडा. आत काही कुरकुरले, तर मला फोन करा. मी मध्ये हसणार नाही.