हळदीचा पहिला हात

नौपाडा, ठाणे
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय सगुणाताईस,
सा. न.

ठाण्याहून डोंबिवलीला पत्र म्हटल्यावर तू हसणार. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा उद्योग. भाऊजींचा गुडघा कसा आहे? हॉलला लिफ्ट आहे, त्यांना सांग. केदारच्या लग्नाची तयारी बरी चाललीय. केळवणं खाऊन खाऊन त्याचा नवा कुडता आत्ताच दाटतोय.

पुढच्या शनिवारी हळद. पहिली हळद तू लावायचीस, हे आपलं ठरलंच होतं. त्यावरून घरात जरा कुरबुर आहे. जरा कसली, केदार रविवारपासून माझ्याशी धड बोलत नाही.

रविवारी आम्ही होणाऱ्या सुनेच्या, ऐश्वर्याच्या घरी, शीळफाट्याजवळच्या गावी, तिच्या भावाच्या हळदीला गेलो होतो. या आगरी लोकांत धवलारीण असते. ती गाणी म्हणत लग्नाचे विधी करते, भटजीइतकाच तिचा मान. ऐश्वर्याची आजी रखमाबाई हीच गावची धवलारीण. नवरा जाऊन वर्षं झाली, कपाळ माझ्यासारखंच मोकळं. तिने गात गात नातवाला हळद लावली आणि कोणाला काही वाटलंसुद्धा नाही. मी मागे भिंतीला टेकून उभी.

"बाय, तू कनाला मागं? लाव ना हलद," ती म्हणाली. मी नुसती हसले.

निघताना तिला कळलं, की आपल्या हळदीनंतर केदार बाइकवरून कोपरीला मित्राला आणायला जाणार. तिने त्याचा दंडच धरला. "हलदीचा नवरा येशीभायेर जात नाय!" हळद लागल्यावर वेस ओलांडली की बाधा होते म्हणे; बाई खरंच घाबरली होती. मला हसू आलं.

रिक्षात केदार म्हणाला, "आई, मला तूच लावायचीस पहिली हळद."

"मावशी लावेल."

"तुझा विश्वास नाही ना असल्या गोष्टींवर? मग?"

मग काय, ताई! ग्रहणात अख्ख्या वर्गाला चिवडा खायला घालणारी विज्ञानाची बाई मी. मला कोणी अडवलेलं नाही. तुझ्या रसिकाच्या हळदीलाही मी आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसले. तू "जा" म्हणाली नाहीस. "ये"ही म्हणाली नाहीस. आपल्याला याचं बाळकडूच मिळालंय, बोलावं लागतच नाही.

खरं सांगते, मला भीती वाटते. हे गेले. आता माझ्या हाताने पोराला काही झालं तर? लिहितानाही लाज वाटते, पण भीती वाटते ती वाटतेच. रखमाबाईच्या घरी जन्मले असते तर बिनधास्त हळद लावली असती आणि बाइकला भ्यायले असते. मग यातलं माझं स्वतःचं काय, सांग ना! परवापासून घरात नुसती येरझाऱ्या घालतेय. दोनदा दूध उतू गेलं.

तर ऐक. पहिली हळद मी लावणार. भीती गेली म्हणून नाही. पण ही भीती आहेर म्हणून केदार-ऐश्वर्याच्या ओंजळीत टाकायची माझी इच्छा नाही. तू लवकर ये आणि माझ्याजवळ उभी राहा. मी कचरले, तर या वेळी गप्प बसू नकोस. "लाव" म्हण नाहीतर "नको" म्हण, पण तोंडाने म्हण.

तू काहीही म्हणालीस तरी हळद लावणारी,
तुझीच धाकटी,
सरोज