बाकिसिओपुढच्या दोन बाटल्या

काल्यारी,
१२ मे २००८

प्रिय बोनारियास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी लग्नपत्रिका पोचली. माझं बरं चाललंय, फक्त खालच्या मजल्यावरच्या बाईने जिन्यात तीन कुंड्या मांडल्यात आणि पाद्रीबाबा मलाच म्हणतात, "ग्रेका, जरा सहनशीलता दाखव." सत्तर वर्षं दुसरं काय करतेय मी?

पत्रिकेसोबत तू लिहिलंस, 'बाबांना बोलावलेलं नाही. माझ्या साखरपुड्यालाही ज्यांना शुद्धीत राहता आलं नाही, त्यांनी माझा हात धरून चर्चमध्ये येऊ नये.' वाचून मला आधी हायसं वाटलं. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

लहानपणी तू मला 'उंदीरवाली आत्या' म्हणायचीस. एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत उंदीर वाढवले. काही घराणी पिणारी, काही न पिणारी. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या: एकीत पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेलं मद्य. रोज बाटल्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे उंदीर नुसत्या सवयीने तोंड लावणार नाही. पिणाऱ्यांची पिल्लं पिणारीच निघत. एकदा डॉक्टर म्हणाले, "संगतीचा परिणाम बघू." मी पिणारीची पिल्लं न पिणारीच्या कुशीत घातली. मोठी झाल्यावर त्यांनीही बरोब्बर मद्याचीच बाटली धरली. मेंदूतली काही रसायनं जन्मतःच कमी, असं डॉक्टर सांगत. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेई.

आणि घरी येऊन तुझ्या बाबाला म्हणे, "मन घट्ट कर, मेल्या! एकाच आईची लेकरं आपण. मी पिते का?"

मला एका घोटात डोकेदुखी होते, बोनारिया. यात माझं कसलं पुण्य? पण शाळेत सिस्टर क्रोचिफिस्सांनी शिकवलं होतं की मोह टाळणारा आत्मा थोर. मी माझी डोकेदुखी थोरपणा म्हणून मिरवली.

आता गेल्या सप्टेंबरातल्या साखरपुड्याचं. तुम्ही सगळे तुझ्या सासरच्या मळ्यात डुकराचं पिल्लू भाजत होतात. तुझ्या बाबाने, माझ्या बाकिसिओने, अकरा महिने थेंब घेतला नव्हता. आपल्याकडे घरची वाइन नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं, म्हणून तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसला. "ताई, इथेच बसू दे. बाहेर जो तो पेला पुढे करतोय. नाही म्हणून म्हणून जीभ दुखली."

मी त्याच्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. एक पाण्याची, एक वाइनची.

"बघू तरी, तू कुठल्या पिंजऱ्यातला!"

तो हसला. मग म्हणाला, "ताई, नको ना."

मी केक घेऊन बाहेर गेले. परतले तेव्हा पाण्याची बाटली काठोकाठ भरलेलीच होती.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मला सिद्ध करायचं होतं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं असं की सकाळपासून आपल्या घरचे सगळे त्याच्या न पिण्याचं कौतुक करत होते. माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

अंगणात तू त्याच्यावर ओरडलीस, "अकरा महिने नाटक केलंत?" त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. "चूक माझी, पोरी." मी ताटं गोळा करत राहिले.

गेल्या गुरुवारी गावी जाऊन त्याला भेटले. जानेवारीपासून त्याची दारू पुन्हा बंद आहे. दर मंगळवारी सोडलेल्यांच्या बैठकीला जातो. मी म्हटलं, बोनारियाला सगळं लिहून कळवते. तर माझ्यावरच खेकसला, "काही कळवू नकोस! पोरीला एक तरी नातेवाईक धड राहू दे."

त्याचं ऐकत नाही. आयुष्यभर ऐकलं नाही, निदान या वेळी तरी माझ्या न ऐकण्याचा फायदा त्याला होऊ दे. त्याला बोलाव. त्याचा हात धरून चर्चमध्ये जा. मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव. नाही बोलावलंस आणि कुणी विचारलं, तर आत्या आजारी आहे असं सांगू नकोस. खरं कारण सांग.

तुझ्या बाबाने आठ महिने जिची लाज झाकली, ती
तुझी आत्या
ग्रेका