रिकामे कान

कोकझार, ४ ऑक्टोबर

चि. कुलिपा हिस थोरल्या बहिणीचे, बुरुल एजेचे अ. आ. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. दोघींपुरतं मी इथे घाबरून घेतलं आहे. फोन असताना पत्रं कसली, असं म्हणशील. पण फोनवर मी यापुढे फक्त बटाटे किती निघाले एवढंच सांगणार. हे पत्र मिनीबसवाल्याची बायको तुझ्या हातात देईल. उत्तरही तिच्याच हाती दे.

परवा पोलिसांनी तालाय नावाच्या पोराला दवाखान्यात आणलं. वरच्या कुरणातल्या घोडेवाल्यांचा मुलगा, माझ्या पोरीच्या, मेरिमच्याच वयाचा. घोडे चोरल्याचा आळ आहे त्याच्यावर. घोड्यावरून पडला म्हणाले आणि दोघे शिपाई खोलीतच उभे राहिले. तपासताना पोलिसांनी बाहेर थांबायचं असतं, तसं मी सांगितलं, तर हसले. मग मी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि मांडीवर हात घेऊन नुसती बसून राहिले. शेवटी कंटाळून गेले. दार लागलं आणि पोरगं रडायला लागलं.

दोन्ही तळपाय सुजून काळेनिळे, मनगटांवर बेड्यांचे वण, डोळ्यांच्या पांढऱ्यात रक्ताचे बारीक ठिपके. डोक्यात पिशवी घालून आवळली की येतात तसे. घोड्यावरून पडून कुणाचे तळपाय सुजतात का गं? जे दिसलं ते लिहिलं, फोटो काढले, सही केली. दुसऱ्या दिवशी मुख्य डॉक्टरांनी चहाला बोलावलं. ठाण्याचे प्रमुख सादिरबेक यांचा फोन आला होता म्हणे; या जखमा पडल्यामुळे झाल्या, एवढंच मी लिहायचं. मी नाही म्हटलं. ते रागावले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते आहे.

मेरिम तुझ्याकडे आहे, तिला यातलं काही कळू देऊ नकोस, परीक्षा आहे तिची. सासूबाई कोबी खारवण्यात गर्क आहेत, त्यांना मीही काही सांगितलेलं नाही. तुझा जीव माझ्यावर आहे तेवढा असू दे.

तुझी,
बुरुल


बिश्केक, ९ ऑक्टोबर

ती. बुरुल एजेस कुलिपाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावून बसले. ती बाई काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

एजे, लहानपणापासून तुला ही खोड आहे. शेजाऱ्यांच्या खिडकीची काच मी फोडली, तेव्हा कुणी विचारायच्या आधीच तू जाऊन सांगून आलीस. तेव्हा मार मी खाल्ला. आता कोण खाणार? भावजी असते तर निदान दाराशी एक पुरुष तरी उभा असता. घरात तू आणि म्हाताऱ्या सासूबाई. ते म्हणतात ते लिहून टाक, नाहीतर पाठ धरली म्हणून रजा काढ आणि इकडे ये. मला लाज वाटत नाही असं लिहायला. मला फक्त तू हवी आहेस.

मेरिमच्या डॉक्टरकीच्या कॉलेजातल्या तुर्सुनाय मॅडम माझ्याकडे कोट शिवतात. डॉक्टरांच्या संघटनेचं काम बघतात त्या. नाव न सांगता मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या की त्या पोराकडे डॉक्टरच्या कागदाशिवाय दुसरं काही नाही, आणि अशा डॉक्टरला कोर्टात एकटं बसू द्यायचं नसतं, मी स्वतः येईन. मी म्हटलं, या, पण नंतर तिला घरापर्यंत सोडायलाही याल का? त्यावर त्यांनी खोटं वचन दिलं नाही. मग मी नाव सांगितलं.

रागाव हवं तर, पण मला विसरू नकोस.

तुझी,
कुलिपा


कोकझार, १५ ऑक्टोबर

चि. कुलिपा हिस अ. आ. वि. वि.

अगं, धमकी आली असती तर बरं झालं असतं. आपल्याकडे मागणी आली आहे.

काल मी दवाखान्यात असताना सादिरबेकची बायको आणि तिच्या दोन जावा घरी आल्या. त्यांच्या पुतण्यासाठी मेरिमला मागायला. पांढरा रुमाल आणला, मांडलेल्या भाकरीशेजारी सोन्याची कर्णफुलं ठेवली. सासूबाईंना वाटलं, नशीब उघडलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आशीर्वाद दिला, कर्णफुलं ठेवून घेतली. पोरीच्या कानात घालायची तेवढी राहिली आहेत.

आज सकाळी मुख्य डॉक्टर पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून अभिनंदन करायला आले. आता तुम्ही आणि सादिरबेक व्याही झालात, म्हणाले. सोयऱ्यांचा कागद कोर्टात चालत नाही. तुम्ही एक अक्षरही बदलू नका, फक्त बाजूला व्हा. दुसरा डॉक्टर येईल, पोराला नव्यानं तपासेल. सादिरबेक तिथे हजर राहतील, हे त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं. तोवर तळपायांची सूज उतरलेली असेल, हे त्यांनी सांगितलं नाही.

बघ कशी सोय केली आहे. मला खोटंसुद्धा लिहायला लागणार नाही. रात्रभर मी तेच घोळवत होते आणि मला ते आवडायला लागलं होतं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? कर्णफुलं परत करावीत तर तोंडावर मारल्यासारखं होईल. सुनावणी सव्वीसला आहे. मेरिमला सांगू नकोस. मला सांभाळून घे.

तुझी,
बुरुल


बिश्केक, १८ ऑक्टोबर

ती. बुरुल एजेस सा. न. वि. वि.

उशीर झाला. त्या पुतण्याची आत्या काल दुकानात आली आणि मेरिमच्या गालाला हात लावून सूनबाई म्हणाली. पोरगी चतुर, माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं काहीतरी आहे. मग मला सगळं सांगावं लागलं.

ती रडली नाही. तू दिलेली निळ्या खड्यांची कर्णफुलं काढून खिडकीत ठेवली आणि म्हणाली, ती दुसरी पाठवायला सांग. मी त्या घरात गेले तर आईला कोणी हात लावणार नाही. मुलगा कसा आहे हेही विचारलं नाही तिनं. मी तिला नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. एजे, मलाही वाटतं, पाठवून दे. भित्री म्हण मला. तुझ्या पायाशी पडून सांगते.

तुझीच,
कुलिपा


कोकझार, २१ ऑक्टोबर

चि. कुलिपा हिस अ. आ. वि. वि.

हे पत्र मेरिमलाही वाचायला दे.

कर्णफुलं पाठवणार नाही. काल परत केली. सासूबाईंना सगळं सांगितलं, तर त्यांनी हात पुसले आणि कोबीच्या पिंपावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, घेतली मी, तर द्यायलाही मीच येते. सादिरबेकच्या बायकोनं फाटक उघडलं, पण हात पुढे केला नाही. सासूबाईंनी कर्णफुलं त्यांच्याच पांढऱ्या रुमालात गुंडाळून फाटकाच्या कडीला बांधली. परतताना म्हातारीनंच मला धरून आणलं.

मेरिम, मी शूर नाही गं. पण आज मी विहीण म्हणून बाजूला झाले, तर या गावात यापुढे कुठलाही डॉक्टर पोलिसांना खोलीबाहेर काढू शकणार नाही. त्या पोरानं दार लागल्यावरच तोंड उघडलं होतं. दोन वर्षांनी अशाच खुर्चीत तू बसशील. लग्न तुला करायचं तेव्हा कर, कुणाशीही कर. माझ्यासाठी करू नकोस.

कुलिपा, तिला घराबाहेर सोडू नकोस. दोघींवर माझी माया आहे, ती धरून ठेवा.

तुमची,
बुरुल


बिश्केक, २५ ऑक्टोबर

ती. एजे,

मेरिम घरात नाही. तुझं पत्र तिनं वाचलं, आणि आज बाजारातून येऊन बघते तर पिशवीही नाही. फोन लागत नाही. निळे खडे खिडकीतच आहेत. ती त्या सादिरबेकच्या दारात तर जाणार नाही ना? मला काही सुचत नाही. मिनीबस सुटते आहे, एवढंच लिहिते. मला क्षमा कर.

कुलिपा


कोकझार, २७ ऑक्टोबर

चि. कुलिपा हिस अ. आ. वि. वि.

पोरगी माझ्यापाशी आहे, आधी पाणी पी. तुझी चिठ्ठी हातात पडली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

कोर्टात तुर्सुनाय मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या गाडीतून आणखी कोण आलंय हे त्यांनी मला सांगितलं नाही. सादिरबेक पहिल्या बाकावर. मी तळपाय, मनगटं, डोळे, सगळं लिहिलं होतं तसं सांगितलं. न्यायाधीशांनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. मग सरकारी वकील उठले. ही बाई ठाणेप्रमुखांची विहीण आहे, म्हणाले, तिचा कागद धरू नका, नवा डॉक्टर नेमा. मी म्हटलं, कर्णफुलं परत केली. ते म्हणाले, कुणाच्या हातात दिलीत? ती तर आज बिश्केकमध्ये तुमच्या मुलीच्या कानात आहेत. कुलिपा, कडीला बांधलेल्या रुमालाला साक्षीदार कोण? सासूबाई घरच्याच.

तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी उभं राहिलं. मेरिम. पांढरीफटक पडली होती. डोक्याचा रुमाल काढला, दोन्ही हातांनी केस कानांमागे घेतले आणि तशीच उभी राहिली. सगळं कोर्ट वळून तिच्या कानांकडे बघत होतं, सादिरबेकसुद्धा. न्यायाधीशांनी नाव विचारलं, ते तिनं स्वच्छ सांगितलं.

जिंकलो वगैरे काही नाही. माझा कागद धरला आहे आणि तालायला पुन्हा त्याच ठाण्यात न्यायचं नाही, एवढंच झालं. खटला पुढे चालेल. मला सोमवारपासून लसी टोचायच्या खोलीत टाकलं आहे. फाटकासमोर कालपासून एक गाडी उभी आहे, आत दिवा न लावता कुणीतरी बसलेलं असतं. रात्री आम्ही तिघी एकाच अंथरुणावर झोपलो आणि सासूबाई म्हणतात की त्या जाग्याच होत्या, पण सगळ्यांत आधी घोरल्या त्याच.

पुढच्या आठवड्यात मॅडम मेरिमला घेऊन परत निघतील. तुझ्या खिडकीतले ते निळे खडे नीट ठेवून दे, पण तिला इतक्यात देऊ नकोस. निकाल लागेपर्यंत कान असेच ठेवणार आहे म्हणते, पुन्हा कुणी विचारलं तर दाखवायला. भोकं बुजतील गं, म्हटलं. तर म्हणाली, बुजू देत, मावशी कुठे लांब आहे, सुई तिच्याकडेच आहे.

तेव्हा सुई तयार ठेव, आणि आमच्यावरचा जीव तसाच ठेव.

तुझी,
बुरुल