निळा मला दिसतो

३ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, म्हणजे नोकरी गेली. टोमॅटो निवडायच्या शेडमध्ये होतो. पिकलेले एका पेटीत, कच्चे दुसऱ्या. हाताने दाबून दाबून बरं निभावलं होतं, पण पट्टा जोरात फिरायला लागला आणि माझं पितळ उघडं पडलं. मुकादम म्हणाला, आंधळा आहेस की थट्टा करतोस? मी म्हटलं, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आमच्याकडे हे मामावर जातं. तर म्हणे, मग मामाकडेच जा. शेडमागच्या कुत्रीला पिल्लं झालीत, एक अगदी तुमच्यासारखं कपाळाला आठ्या घालतं. पण ते राहू दे.

विचारायचं होतं की मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? आणि प्रदर्शनाची चित्रं? आई म्हणते तुम्ही फोन उचलत नाही. थकलोय, मामा. गावं बदलून माणूस एवढा दमतो, हे मला कुणी सांगितलंच नाही.

मामीस नमस्कार. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.

आपला,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

ऑपरेशन उत्तम झालं. घोळ तिथेच झाला.

पट्टी निघाल्यावर मामी तडक माझ्या खोलीत आली, भिंतीला टेकवलेली चित्रं पाहिली आणि स्टुलावर बसूनच राहिली. मग म्हणाली, अहो, हे सगळं निळं पडलंय, माणसं गारठून मेल्यासारखी दिसताहेत.

आमची पद्धत तू पाहिली आहेस. लग्नापासून ताटलीत रंग तीच काढून देते, लाल दाराकडे, हिरवा खिडकीकडे, आणि मागे बसून सांगते, उतरवा, चढवा. अलीकडे काही वर्षं सारखी म्हणायची, पिवळं वाटतंय, निळा घाला. मी घालत गेलो. पिवळेपण तिच्या डोळ्यांत होतं.

आता म्हणते, सगळी पुन्हा रंगवा. प्रदर्शन महिनाअखेरीला, आणि माझा खांदा वर जात नाही. बहुतेक हे शेवटचंच. लोकांनी हसत हसत निरोप द्यावा, त्यापेक्षा रद्द केलेलं बरं. आईला कळवू नकोस, ती रडत येऊन थडकेल.

पोटाला खात जा. आठवण ठेवतोस तेवढी पुरे.

तुझा,
मामा

१७ मार्च

ती. मामांस सा. न.

आता एका छापखान्यात आहे, कागद वाहतो. सगळं काळंपांढरं, त्यामुळे अजून टिकून आहे.

तुमचं पत्र वाचून एक शंका आली, रागावू नका. लाल-हिरव्यात आपली दोघांची बोंब आहे, कबूल. पण निळा तर मला लख्ख दिसतो. मग तुम्हाला दिसला नाही?

रद्द करू नका. म्हणजे करायचं तर करा, मी कोण शहाणा लागून गेलो. पण करू नका.

मायेची सावली असू द्यावी.

आपला,
भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दिसत होता. पहिल्या चित्रापासून.

पण आयुष्यभर जिच्या शब्दावर लाल लावला, हिरवा लावला, तिला निळ्यापुरतं तू चुकतेस म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? एकदा जरा बोललो, तर तिने स्टूल पुढे ओढलं आणि डोळे बारीक करून बघत राहिली. पुन्हा बोललो नाही. दवाखान्यात नेलं तेही माझे डोळे दाखवायचेत, सोबत चल, असं सांगून.

तुझं पत्र टेबलावर राहिलं आणि तिने वाचलं. संध्याकाळी येऊन विचारलं, कळत असून लावलात? मी हो म्हटलं. म्हणाली, तुमच्यासारखा अडाणी माणूस पाहिला नाही. मग म्हणाली, आता एकाही चित्राला ब्रश लावाल तर बघा.

उद्या टेम्पो येतोय. ती चित्रं कागदात गुंडाळतेय. प्रत्येक गुंडाळण्याआधी बराच वेळ बघत बसते, त्यामुळे काम पुढे सरकत नाही. मी दमलोय, पण पुरे म्हणत नाही. आता हाक मारतेय, सुतळीच्या गाठीवर बोट ठेवायला माणूस हवं म्हणून. उठतो.

येऊन जा. जमेल तेव्हा, जमेल तसा.

तुझा,
मामा