माघारी आलेला भुस्सा

आबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसलोय. कागद माझ्या वरच्या साहेबाच्या, दारोग्याच्या, दप्तरातला आहे. दप्तर सगळं उर्दूत चालतं, पण तुमच्याशी उर्दूत बोलायला माझी जीभ वळणार नाही. डोंगराच्या धारेवरच्या, कुरण राखायच्या आपल्या चौकीत बसलोय. वारं असं सुटलंय की कागदाच्या चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवलेत, तरी तो फडफडतोच आहे.

खाली चावडीत तुमचा जिवाभावाचा सोबती बसलाय, गवत कापणारा, ज्याला मी काका म्हणतो तो. तुमच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. दुपारी बैलगाडीतून त्याला बीडला नेणार आहेत. त्याच्या चिलमीनं सरकारी कुरण पेटलं आणि त्याची लेक जळून मेली, असं पंचनाम्यात लिहिलंय. जळालेल्या गवतात चिलीम सापडली. आबा, त्याची चिलीम त्या कुरणात कुठं सापडणार नाही? चाळीस वर्षं तो तिथंच कापतोय, तिथंच ओढतोय.

तुम्ही मला वारं शिकवलं तो दिवस काल घडल्यासारखा आठवतो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. डोंगराच्या उगवतीच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला म्हणून, मी शेळ्या बसवल्या होत्या आणि भाकरी सोडली होती. तुम्ही आलात ते कान पिळतच. "आडोसा म्हनं! आरं, हितं कावून बसलास? हितं आडोसा न्हाई, हितं तर वारं पडतंय." मी म्हणालो, "आबा, वारं तर तिकडनं येतंय, मावळतीकडनं." तुम्ही हसला नाहीत. कमरेची चामड्याची पिशवी सोडलीत, ज्वारीचा भुस्सा माझ्या मुठीत कोंबलात आणि मला धारेवर नेलंत. तिथं उधळला तर भुस्सा सरळ उगवतीला गेला. उतारावर अर्ध्यात येऊन उधळला, तर पाठीवर बुक्की बसावी तसा खाली आदळला. आणि पायथ्याला उधळला, तो उलटा फिरून माझ्याच तोंडावर आला. मी डोळे चोळत रडायला लागलो.

"बघ," तुम्ही म्हणालात, "वारं धारेवरनं उडी मारतं. खाली पडलं की माघारी वळतं, डोंगर चढाया बघतं. ओढ्याचं पानी धोंड्याच्या मागं गिरकी घेतं का न्हाई? तसंच. धारेवर एकच वारं हाय, खाली लई हायेत. काडी वढायच्या आधी तीन जागी भुस्सा. त्यो माघारी आला की काडी खिशात. सरकार खाली उतरलं तरी न्हाई म्हनायचं." पुढं शेवटच्या आजारात तुम्ही ती पिशवी माझ्या कमरेला बांधलीत. शेत नाही, बैल नाही, एवढंच दिलंत. मी ती कधी सोडली नाही. होळीच्या आधी दरवर्षी कुरणाच्या कडेला जाळपट्टा काढतो. एक पट्टी आपणच जाळून टाकायची, म्हणजे वणवा आला तर तिथं अडतो. बावीस वर्षं पिशवीतला भुस्सा पाहूनच पट्टा काढला.

परवा दारोगा मुआयन्याला, पट्टे तपासायला, येणार होता, आणि पायथ्याचा पट्टा राहिला होता. आदल्या दिवशीच मी त्याला ठणकावून सांगितलं होतं, झाला म्हणून. सकाळपासून मावळतीचं वारं घोंघावत होतं. मी मनाशी म्हणालो, वारं वरून खाली येतंय, आग नांगरलेल्या रानाकडं जाईल आणि ढेकळांत विझेल. वर उताराच्या मध्यावर काका आणि त्यांची लेक पेंढ्या बांधत होते. लेक माहेरी आली होती चार दिवसांसाठी. मला बघून तिनं वरूनच हाक मारली, "दादा, पानी हाय का रं?" मी हात हलवला, आणतो म्हणून. मग काडी ओढली.

आग खाली गेलीच नाही. एक क्षण जागीच उभी राहिली, मग मान वळवली आणि डोंगर चढायला लागली. मी ओरडत पळालो. वारं मधेच पडलं, वाटलं सुटलो, तेवढ्यात पुन्हा आलं, आडवंच आलं. काकांना मी ओढून काढलं. तिच्यापर्यंत पोचलो नाही. देवा, मी पोचलो नाही!

दारोग्यानं विचारलं, आग कशानं लागली. माझ्या तोंडातून गेलं, "कुनाची चिलीम आसंल, साहेब." कुणाची तरी, एवढंच म्हणालो होतो. आणि काका मातीत बसून म्हणाले, "माजीच. दुसऱ्या कुनाची आसनार?"

आज सकाळी चावडीत त्यांना भाकरी घेऊन गेलो. त्यांनी हात लावला नाही. सारखं एकच चाललंय, माझी लेक मी जाळली, माझी लेक मी जाळली. मग एकाएकी माझा हात धरला. "पोरा, खरं सांग. पट्टा काढताना तुज्या बापाचा भुस्सा उधळला हुतास का?"

मी म्हणालो, "उधळला हुता, काका."

त्यांनी डोळे मिटले. "मग झालं. मग तुजी आग न्हवं ती. तुजा बाप भुस्सा बगून कधी चुकला न्हाई. माजी चिलीमच."

आबा, मी खोटं बोललो नाही. भुस्सा उधळला होता. घाई होती म्हणून धारेवर आणि मध्यावर गेलो नाही, पण पायथ्याला उधळला, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तो माघारी आला, तोंडावर. मी डोळे पुसले, दारोग्याचा घोडा कुठवर आला ते पाहिलं आणि काडी ओढली. काकांनी उधळलास का एवढंच विचारलं. भुस्स्यानं काय केलं, ते विचारलं नाही.

मी एक वाक्य बोललो तर त्या माणसाच्या छातीवरून लेकीचं मरण उतरेल. तुरुंगाची त्यांना फिकीर नाही, मला आहे. घरी तीन पोरं आहेत, असं म्हणतो आणि मग तिची हाक ऐकू येते. मला काही सुचत नाही, आबा. शिव्या द्या, कान पिळा, पण काहीतरी बोला.

तुम्हाला लिहिणं सोपं पडतंय, कारण तुम्ही वाचणार नाही. चावडी इथून हाकेच्या अंतरावर आहे. वारं जरा थांबलं की खालून बैलांची घुंगरं ऐकू येतात. गाडी जुंपली असावी. मी अजून बसूनच आहे.